खताचा चहा: २० लिटरची बादली, फिश टँकचा पंप आणि ठाण्याचा उकाडा

ग्रिलमधली_बाग (मानपाडा, ठाणे)

नमस्कार मंडळी. मोगऱ्याच्या धाग्यावर मी सहज 'खताचा चहा' (मुरलेलं कंपोस्ट खत पाण्यात भिजवून, त्यात हवा सोडून केलेलं पातळ खत) असं लिहून गेले आणि तेव्हापासून विचारणा थांबलेली नाही. म्हणून हा वेगळा धागा.

आधी मला याची गरज का पडली ते सांगते. गच्ची सोसायटीची, माझ्या वाट्याला दोन खिडक्यांची ग्रिलं आणि एक अरुंद बाल्कनी. त्यात ३४ कुंड्या. बहुतेक काठोकाठ भरलेल्या, मुळांनी माती गच्च धरलेली. वरून मूठभर खत टाकलं की पहिल्याच पाण्याला ते काठावरून ओघळतं आणि खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जातं. सगळ्या कुंड्या उपसून माती बदलणं दरवर्षी होत नाही, आणि ग्रिलवर किती वजन चढवायचं यालाही मर्यादा आहे. मग खतातलं जे काही आहे ते पाण्यातून मुळापर्यंत पोचवावं, एवढाच माझा हिशेब होता.

खत पाण्यात भिजवून ते पाणी झाडाला घालणं आपल्याकडे नवीन नाही. गावी शेणखताचं पाणी कोण घालत नाही? यात फरक एवढाच की बादलीत सतत हवा सोडायची, म्हणजे खतातले हवेवर जगणारे जिवाणू पाण्यात उतरतात आणि दिवसभरात भराभर वाढतात. ही पद्धत जगभर पोचवण्यात अमेरिकन मृदाशास्त्रज्ञ इलेन इंगम यांचा मोठा वाटा आहे.

माझी कृती अशी. २० लिटरच्या बादलीत १५ लिटर पाणी. वर जागा ठेवायचीच, कारण फेस येतो. पाणी आदल्या दिवशी भरून उघडं ठेवते. पूर्ण मुरलेलं खत दोन वाट्या, जुन्या ओढणीच्या तुकड्यात सैलसर पुरचुंडी बांधून. घट्ट बांधली तर आत पाणी खेळत नाही आणि मधला गोळा कोरडाच राहतो. एक मोठा चमचा काकवी, कोमट पाण्यात विरघळवून. काकवी मिळाली नाही तर सुपारीएवढा काळा गूळ. फिश टँकला लावतात तो दोन तोंडांचा पंप, दोन नळ्या, दोन एअर स्टोन (नळीच्या टोकाला लावायचे, बारीक बुडबुडे सोडणारे सच्छिद्र दगड). एक दगड तळाशी, एक पुरचुंडीच्या बरोबर खाली. संध्याकाळी सातला चालू केलं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काढते. २४ तास. पुस्तकी कृतींमध्ये ३६ तासही दिलेले असतात, पण ते थंड हवेच्या देशांचं गणित. एप्रिल-मेमध्ये मी २० तासांतच उतरवते.

तयार झालंय हे नाकाला कळतं. पहिल्या दोन-तीन तासांत नुसता गुळाचा वास येतो. सकाळी उठून झाकण उचललं की गूळ गेलेला असतो आणि पहिल्या पावसात माती भिजल्यावर येतो तसा वास असतो. तो वास मातीतल्या जिवाणूंनी तयार केलेल्या जिओस्मिनचा, आणि माणसाचं नाक तो अगदी नगण्य प्रमाणातही पकडतं. म्हणून मी नाकावर भरवसा ठेवते. पाणी फिक्या कोऱ्या चहाच्या रंगाचं, वर तपकिरी फेसाचा थर, बोटाने बाजूला केला की लगेच पुन्हा जमणारा.

पंप बंद केल्यावर तीन-चार तासांत संपवायचं. बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, उद्यासाठी ठेवायचं नाही. हे उघड्यावरच्या दुधासारखं आहे. एक भाग चहा, पाच भाग पाणी, आणि थेट मातीत. ऊन उतरल्यावर.

आता चुकलेलं. मागच्या मे महिन्यात रात्री एकच्या सुमारास वीज गेली ती पहाटे सहाला आली. मी झोपलेले. सकाळी पंप घरघरत होता, फेस होता, म्हटलं चालतंय. वास वेगळा होता, थोडा आंबूस आणि त्याखाली कुजक्या अंड्याची छटा. मला तो कळला होता आणि तरी मी सहा मिरच्यांना तो चहा घातला, कारण काकवी आणि दिवस वाया जाईल असं वाटलं. तिसऱ्या दिवशी चार झाडांची कोवळी पानं खाली झुकली. माती ओली, तरी झाड तहानल्यासारखं. उपसून पाहिलं तर पांढरी मुळं तपकिरी पडलेली, चिमटीत धरली की साल निघून हातात येत होती. सहापैकी दोनच वाचली. तेव्हापासून वीज तासाभरापेक्षा जास्त गेली की बादली सरळ ओतून टाकते.

प्रश्न विचारा, माहीत असेल ते सांगते.

नेरुळकर

ताई, फार छान लिहिलंत. मी निवृत्त आहे, सेक्टर १९ मध्ये तळमजल्याला थोडी जागा आहे. एक शंका. आमचं पाणी मोरबे धरणाचं, महापालिकेकडून शुद्ध होऊन येतं, म्हणजे क्लोरीन असणारच. नुसतं उघडं ठेवून ते जातं का? आणि जिवाणू वाढवायचे असतील तर जंतुनाशक असलेल्या पाण्यात ते कसे वाढतील, हे मला पटेना.

ग्रिलमधली_बाग

काका, शंका अगदी योग्य आहे. साधं क्लोरीन उघड्या, रुंद तोंडाच्या भांड्यात दिवसभरात उडून जातं. घाई असेल तर रिकाम्या पाण्यातच पंप तास-दोन तास चालवायचा, नंतर खत टाकायचं. पिंपात झाकून ठेवलेलं पाणी चालत नाही, ते झाकण काढूनच ठेवावं लागतं.

आमचा त्रास वेगळा. उन्हाळ्यात घोडबंदर रोडच्या कितीतरी सोसायट्यांत टँकर येतात आणि बोअरचं पाणी मिसळलं जातं. कुंडीच्या काठावर पांढरी खार धरते ना, ती त्याचीच. त्या पाण्यात चहा केला तर फेस कमी येतो असं मी पाहिलंय. जूननंतर मी पागोळीचं पाणी धरते, पहिले दोन-तीन पाऊस सोडून. त्या पाण्याला तोड नाही.

टाकीवाला_ऐरोली

मी बागवाला नाही, मासेवाला आहे. पंधरा वर्षं घरी टाक्या आहेत, म्हणून पंपाबद्दल लिहितो, कारण इथे बरेच जण तिथेच फसतील.

पहिली गोष्ट, पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशाला लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशाला साडेसात. म्हणजे आपल्याकडे मे महिन्यात सुरुवातच कमी शिल्लकीने होते. त्यात तुम्ही गूळ घातला की जिवाणू दुपटी-चौपटीने वाढतात आणि तो प्राणवायू खाऊन टाकतात. उन्हाळ्यात टाकीत खाणं जास्त पडलं की मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतात, तेच तुमच्या बादलीत होतं, फक्त दिसत नाही.

त्यामुळे १५-२० लिटरला मिनिटाला निदान सात-आठ लिटर हवा देणारा पंप घ्या. सगळ्यात स्वस्त एका तोंडाचा छोटा पंप छोट्या टाकीसाठी असतो, या कामाला तो अपुरा. पाण्याचा वरचा थर उकळल्यासारखा हलायला हवा, कारण हवा फक्त बुडबुड्यांतून मिसळत नाही, हलत्या पृष्ठभागातूनही मिसळते. नुसते चार बुडबुडे वर येत असतील तर ते दिखाऊ.

दुसरी गोष्ट, पंप बादलीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा. टेबलावर, स्टुलावर, कुठेही. वीज गेली की पाणी नळीतून उलटं पंपात शिरतं आणि आल्यावर पंप जळतो, शिवाय शॉकची भीती. नळीत बसवायचा छोटा एकमार्गी व्हॉल्व्ह मिळतो, अगदी किरकोळ किमतीत. तो बसवाच.

आणि एअर स्टोन प्रत्येक वेळी धुवा. त्यावर बुळबुळीत थर चढतो, भोकं बुजतात. मी ते गरम पाण्यात उकळून उन्हात वाळवतो.

ग्रिलमधली_बाग

दादा, एवढी नेमकी माहिती मला कुणी आधी दिली असती तर त्या चार मिरच्या आज असत्या. माझा पंप जमिनीवरच असतो. आजच कपाटावर चढवते. मिसेस टाकीवाल्यांनाही बागेत ओढा, तुमच्या टाकीचं बदललेलं पाणी झाडांना सोनं आहे.

टाकीवाला_ऐरोली

ते जातंच, अळूला आणि कढीपत्त्याला. फक्त औषध टाकलेल्या टाकीचं पाणी मी झाडांना घालत नाही.

दापोलीचा_विद्यार्थी

मी कृषीचा पदवीधर आहे, दापोलीला शिकलो, आता कामानिमित्त खारघरला. धागा चांगला चाललाय, पण थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नये.

या चहाबद्दल केले जाणारे दावे आणि हाती असलेला पुरावा यांच्यात बरंच अंतर आहे. भुरी जाते, करपा जातो, कीड पळते, असं सगळं सांगितलं जातं. प्रत्यक्षात प्रयोगांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. कुठे फरक दिसतो, कुठे साध्या पाण्याइतकाच परिणाम. कारणही उघड आहे: प्रत्येकाचं खत वेगळं, पाणी वेगळं, तापमान वेगळं, त्यामुळे प्रत्येक बादली वेगळी. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या लिंडा चाल्कर-स्कॉट यांनी यावर बराच काळ टीका केली आहे आणि मला ती पटते. अन्नद्रव्यांचं म्हणाल तर दोन वाट्या खतातलं नत्र १५ लिटरमध्ये आणि ते पुन्हा सहापट पातळ करून ३४ कुंड्यांत, म्हणजे किती उरलं? तेच खत मातीवर टाकलं तर सगळंच्या सगळं तिथे राहतं, महिनाभर हळूहळू सुटतं, ओलही धरतं.

दुसरा मुद्दा आरोग्याचा आणि हा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. गूळ किंवा काकवी घातली की नको ते जिवाणूही त्याच वेगाने वाढू शकतात. खतात ई. कोलाय किंवा साल्मोनेला थोडे जरी शिल्लक असतील तरी साखर त्यांनाही मिळते. २००४ साली अमेरिकेच्या सेंद्रिय मानक मंडळाने नेमलेल्या गटाने यावर अहवाल दिला. त्यांची शिफारस अशी की साखरेसारखी भर घातलेला चहा आधी तपासून घ्यावा. तपासला नसेल तर कच्च्या शेणखताचा नियम लावावा, म्हणजे खायच्या भागाला माती लागत असेल तर काढणीआधी १२० दिवस, लागत नसेल तर ९० दिवस तो घालू नये. कुंडीतली कोथिंबीर ४० दिवसांत ताटात येते. विचार करा.

ग्रिलमधली_बाग

राग कसला, उलट हेच हवं होतं. मुद्दे एकेक करून घेते.

कोथिंबीर, पुदिना, पालक, तुळस, गवती चहा यांना मी हा चहा घालत नाही आणि फवारत तर कधीच नाही. हे मूळ लेखात लिहायला हवं होतं, राहिलं. सगळ्यांनी कृपया नोंद घ्या. मोगरा, जास्वंद, कुंडीतलं लिंबू, शोभेची झाडं यांनाच. मिरची-वांग्याला फक्त मातीत, तेही फूल येण्याआधी, आणि फळ धुऊन शिजवूनच खातो. बिघडलेला चहा घातलेल्या त्या सहा मिरच्याही तेव्हा अजून फुलावर आल्या नव्हत्या.

फरकाबद्दल. तुमच्यासारखीच शंका मला होती म्हणून गेल्या हिवाळ्यात आठ मिरच्या लावल्या. एकाच पाकिटातलं बी, एकाच मापाच्या कुंड्या. चार कुंड्यांत भरपूर मटका खत (घरच्या ओल्या कचऱ्याचं माठात केलेलं खत) मिसळलेली माती, चार कुंड्यांत नर्सरीतून आलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि लाल माती, खत नावालाच. दोन्हींतल्या दोन-दोन कुंड्यांना दर १५ दिवसांनी चहा, बाकी दोन-दोनला नुसतं पाणी. खत असलेल्या चारही कुंड्यांत मला काहीच फरक दिसला नाही, मिरच्याही सारख्याच. कोकोपीटवाल्यांत मात्र दिसला: चहा मिळालेल्या दोन झाडांची पानं गडद, उंची जास्त, आणि खालची पानं पिवळी पडणं जवळजवळ थांबलं. आठ झाडांवरून कुणी सिद्धांत मांडू नये, मीही मांडत नाही. पण मला त्यातून एवढं कळलं की जिथे खत घालता येतं तिथे खतच घालावं. चहा त्या कुंड्यांसाठी, ज्यांत वरून बोटभरही जागा उरलेली नाही. माझ्याकडे तशा वीसेक आहेत.

दापोलीचा_विद्यार्थी

ताई, हे पटलं. चहा कुठे आणि कशासाठी, हे सांगितलं की माझा निम्मा आक्षेप जातो. उरलेला निम्मा खताच्या दर्जाचा. ५५ अंशांवर काही दिवस तापलेलं खत असेल तर रोगजंतूंची भीती बरीच कमी होते, पण घरातल्या माठात किंवा डब्यात ते तापमान सहसा चढत नाही, ढीगच लहान असतो. तुम्ही खत पक्व झालंय हे कसं ठरवता?

ग्रिलमधली_बाग

माझं मटका खत तीन महिने माठात आणि नंतर दोन महिने गोणपाटात, सावलीत. मुठीत दाबलं की लाडू होतो, बोटाने टोचलं की फुटतो, पाणी गळत नाही. भाजीचा तुकडा ओळखू येत नाही. मग मेथीची परीक्षा: पेलाभर खतात वीस दाणे मेथी. चार-पाच दिवसांत बहुतेक सगळे उगवले आणि मुळं पांढरी, सरळ निघाली तर खत तयार. अर्धवट खतात मेथी उगवते पण मुळाचं टोक तपकिरी होऊन वळतं. ज्या माठात कधी मांसाहारी खरकटं किंवा मांजराची वाळू गेली असेल तो माठ चहासाठी घेऊच नका.

आमच्या सोसायटीत ओल्या कचऱ्याचे हौद आहेत, २०१६ च्या घनकचरा नियमांनंतर बांधलेले. ते खत मी कुंडीत वापरते, चहाला नाही, कारण त्यात कुणी काय टाकलंय ते कळत नाही.

विदर्भकन्या_वाशीत

आमच्याकडे अमरावतीला माझे बाबा जीवामृत करतात. नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांची पद्धत, पाळेकरांना २०१६ मध्ये पद्मश्रीही मिळाली. २०० लिटर पाण्यात १० किलो देशी गाईचं शेण, गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. काठीने दिवसातून दोनदा ढवळायचं, सावलीत ४८ तास. पंप वगैरे काही नाही. मग हा पंपाचा खटाटोप कशाला? जीवामृतच छोट्या प्रमाणात करता येणार नाही का?

ग्रिलमधली_बाग

येतं की. मी केलंय, दोन वर्षांपूर्वी. पण दोन अडचणी आल्या. एक म्हणजे वास. शेतावर तो वास वाऱ्यावर जातो, आमच्या बाल्कनीतून तो थेट शेजारच्या स्वयंपाकघरात जातो, आणि त्या घरी तेव्हा बाळंतीण होती. मी दुसऱ्याच दिवशी बंद केलं. दुसरं, ताजं शेण आणि गोमूत्र ठाण्यात मिळवायचं म्हणजे तबेला गाठायचा आणि तिथे गाईचं आणि म्हशीचं वेगळं काढून कोण देणार?

बाबांची पद्धत एकरासाठी आहे आणि तिथे ती शोभते. तिथे मातीला जागा आहे, पालापाचोळा आहे, जीवामृत तिथल्या जिवाणूंना जाग आणतं असा तिचा विचार आहे. माझ्या ग्रिलमध्ये जाग आणायला आधी कुणी असायला तर हवं! म्हणून मी खतातूनच नेते.

विदर्भकन्या_वाशीत

बाळंतिणीचं वाचून पटलं. बाबांना फोनवर तुमची बादली समजावून सांगितली. ते म्हणाले, "पंप नसला तर दर तासाला ढवळावं लागंन, मंग झोपायचं कधी?"

सई_बेलापूर

फवारणीबद्दल कुणी सांगेल का? माझ्या जास्वंदीवर पांढरा पिठासारखा मिलीबग आहे. चहा फवारून जाईल?

दापोलीचा_विद्यार्थी

नाही जाणार. मिलीबगला चहाचा उपयोग नाही. जुन्या टूथब्रशने पाण्याच्या धारेखाली घासून काढा, नंतर लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा सौम्य द्रव साबण, संध्याकाळी, पानांच्या खालून आणि फांद्यांच्या बेचक्यांत. आठवड्याने पुन्हा. मुंग्या चढत असतील तर आधी त्यांचा रस्ता तोडा, त्याच मिलीबगला एका फांदीवरून दुसरीवर नेतात.

नेरुळकर (तीन आठवड्यांनी)

मंडळी, अहवाल देतो. ठाणे स्टेशनजवळून दोन तोंडांचा पंप आणला, व्हॉल्व्हसकट. पहिली बादली फुकट गेली. खत कच्चं होतं, मेथी घातली नव्हती, वास आंबला. झाडांना न घालता ओतून दिली. दुसऱ्या वेळी सोसायटीच्या माळ्याने दिलेलं वर्षभराचं पानखत घेतलं, मेथी वीसपैकी अठरा उगवली. रात्री अडीचला उठून पंप चालू आहे ना ते पाहिलं. सकाळी झाकण काढलं आणि हिने स्वयंपाकघरातून विचारलं, "पाऊस पडला का हो?" खिडकी बंद होती.

सोनचाफ्याला आणि दोन जुन्या मोगऱ्यांना घातलं. झाडांत काय फरक पडला ते सांगायला अजून अवकाश आहे. एकच विचारायचं होतं, पुरचुंडीत उरलेल्या गाळाचं काय करता? टाकवत नाही.

ग्रिलमधली_बाग

काका, टाकू नका. त्यात खताचा बहुतेक सगळा ऐवज अजून आहे, दापोलीच्या दादांनी सांगितलं तेच. तुमच्याकडे तर जमीन आहे. चाफ्याच्या बुंध्यापासून हातभर लांब, गोल आळं करा, त्यात पसरा आणि वर सुकी पानं झाका. आणि आता पाऊस लागलाय, तेव्हा दोन आठवडे बादली लावू नका. कुंड्या आधीच थबथबलेल्या आहेत, त्यात आणखी पाणी ओतणं मुळांना बरं नाही. उघडीप मिळाली की इथेच लिहा, मी पण तेव्हाच लावणार आहे.